कुणाकुणाच्या पानात

कुन्मिंग, ८ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

विमान, ट्रेन, टॅक्सी, सगळं नीट झालं. इथे व्हॉट्सॲप चालत नाही आणि व्हीपीएन त्याच्या मर्जीने चालतो, म्हणून ठरल्याप्रमाणे ईमेल. तोही मराठीत. वर्षभर नुसतं चायनीज बोलून परत आले तर तुमच्याशी भांडू कुठल्या भाषेत?

युनिव्हर्सिटीच्या मागच्या गल्लीत यांगमावशींकडे खोली मिळाली आहे. इथे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला मावशीच म्हणायचं. या मावशी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासत होत्या आणि अजून माणसाकडे तशाच बघतात. पहिल्या दिवशी मी फ्रिजमधलं पाणी पीत होते तर बाटली काढून घेतली आणि थर्मासमधलं कढत पाणी हातात दिलं. ओल्या केसांनी बाहेर निघाले तर जिन्यातून परत आणलं. भेटतील तेव्हा विचारतात, ‘जेवलीस का?’ मी एकदा खरंच ‘नाही’ म्हटलं, तर पाच मिनिटांत नूडल्सचा वाडगा समोर. मला वाटलं मी चुकून तुमच्या कुडाळला उतरले.

सकाळी बागेत एक म्हातारे गृहस्थ भलामोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहितात. शेवटचं लिहून होईपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. मी ओल्या अक्षरावर पाय दिला तर इतके रागावले! संध्याकाळी चौकात बायका रांगा करून नाचतात. मी शेवटच्या रांगेत होते, कालपासून मधल्या रांगेत बढती मिळाली आहे.

मी मजेत आहे. तुम्ही काळजी करणार, ते माहीत आहे. थोडीच करा.

तुमची,
अनुया


मेडनहेड, ११ सप्टेंबर

प्रिय अनुया,

पत्र तीनदा वाचलं. चांगलं लिहितेस. आता माझं ऐक.

पाणी उकळलेलंच पी, त्या बाईंचं बरोबर आहे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ, तिथे गाड्या उजवीकडून चालतात. फोनवर राजकारण बोलू नकोस. पासपोर्टची एक कॉपी बुटात ठेव. हसू नकोस. तू विमानात बसल्यापासून मला रोज काहीतरी नवीन सुचतं. कधी तू दवाखान्यात असतेस आणि तुझी भाषा कुणाला कळत नसते. कधी नुसतीच सापडत नसतेस. चहा गार होतो आणि मी तसाच बसलेला असतो. सत्त्याहत्तराव्या वर्षी हे असं व्हावं का? तुझी आजी होती तेव्हा काळजीचं खातं तिच्याकडे होतं. आता चार वर्षं सगळं माझ्याकडे आलंय.

मोबाईलवर अनोळखी नंबर मी उचलत नाही. परवा एकजण म्हणाला, तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय. मी कसलं पार्सल मागवतोय! तेव्हा तू फोन करणार असलीस तर आधी कळव.

आणि तिथे काहीही खातात म्हणे. तू काहीही खाऊ नकोस.

तुझा,
आजोबा


कुन्मिंग, १६ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

पासपोर्टची कॉपी बुटात ठेवली. आता तिला पायाचा वास येतो.

उद्या इथे चंद्राचा सण आहे. मावशींनी हॅम भरलेले गोड मूनकेक आणलेत. तुम्हाला ऐकूनच कसंतरी होईल, पण मी तीन खाल्ले.

आता तुम्हाला घाबरवणारी गोष्ट. पावसाळा संपत आलाय आणि सगळं शहर रानातली मश्रूम खातंय. डोंगरातले लोक पहाटे वेचून बाजारात आणतात. मावशी मला रश्शाच्या हॉटेलात घेऊन गेल्या. टेबलावर उकळतं पातेलं, त्यात मश्रूम टाकली आणि वेटरने शेजारी टायमर लावून ठेवला. वीस मिनिटं! तोवर चॉपस्टिक्सच देत नाहीत, कुणी मोहाने तोंडात घालू नये म्हणून. मावशींनी मला चमच्यालाही हात लावू दिला नाही. शिजल्यावर वेटरने आधी थोडा रस्सा लहान डबीत भरून, तारीख लिहून ठेवून दिला. उद्या कुणाला काही झालं तर डॉक्टरांना दाखवायला. आजोबा, सगळे शांतपणे गप्पा मारत टायमरकडे बघत होते. मला एवढी मजा आली, आणि एवढी भीतीसुद्धा.

घरी मावशींचा आणखी एक नियम आहे. मश्रूम खाल्ल्यावर तीन दिवस त्या रोज दार वाजवून विचारतात, ‘कशी आहेस?’ मी ‘मस्त’ म्हटलं की म्हणतात, ‘तिसऱ्या दिवशी सांग.’

सगळ्यात महाग मश्रूम वाळवीच्या वारुळावर उगवतं. कोंबडीसारखं लागतं. तुम्ही असं काही सांगायचात ना मला लहानपणी?

अनुया


मेडनहेड, २१ सप्टेंबर

प्रिय अनुया,

टायमर लावून जेवायचं! ही काय खाण्याची रीत झाली? पुन्हा जाऊ नकोस. हे रागावून लिहितोय. पुढचं रागावून नाही.

तुझी ती वारुळावरची म्हणजे आमची अळंबी. जुलैत दोन दिवस पाऊस पडून ऊन आलं की आई आम्हा भावंडांना टोपली घेऊन पिटाळायची. पांढरी, वर टोकदार छत्री, लांब देठ. घरी आणून कांदा, ओलं खोबरं आणि दोन आमसुलं. इथे इंग्लंडात पन्नास वर्षांत ती चव जिभेवर आली नाही. सुपरमार्केटमधली बटण मश्रूम म्हणजे ओला पुठ्ठा.

तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. इथे गावाबाहेर बीच नावाच्या उंच झाडांचं रान आहे, रविवारी आम्ही तिकडे फिरायला जातो. परवा पालापाचोळ्यात पांढऱ्या छत्र्या दिसल्या. किती वर्षं त्यांच्यावरून चालत गेलो असेन, कधी वाकून बघितलं नव्हतं. वारूळ इथे कुठून असणार, पण रंग तोच, देठ तोच.

तू मात्र जपून. मला सारखं वाटतं, काहीतरी होणार आहे.

आजोबा


कुन्मिंग, २४ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

परीक्षा आहे म्हणून दोनच ओळी. सूप प्यायल्याला तीन दिवस कधीच उलटले, जिवंत आहे. मावशींनी तिसऱ्या दिवशी ‘मस्त’ मान्य केलं.

‘रविवारी आम्ही’ म्हणजे कोण? एकटे फिरत नाही ना, मग बरंय.

आणि ती रानातली नुसती बघा हं. तोडू नका.

अनुया


मेडनहेड, १ ऑक्टोबर, सकाळी नऊ

प्रिय अनुया,

तुझा आजोबा अजून कोकणातलाच आहे, हे सिद्ध झालं. रविवारी सकाळी कापडी पिशवी भरून अळंबी वेचली. दुपारी घरी कांदा, खोबरं, आमसूल, सगळं आईसारखं. तुझ्या यांगमावशी म्हणतात म्हणून टायमर लावून चांगली अर्धा तास शिजवली. अनुया, काय सांगू! त्याहून मऊ, त्याहून गोड. पातेलं पुसून खाल्लं, एक फोड उरली नाही. चार पोळ्या लाटल्या होत्या, त्याही संपल्या. वेचल्यावर काढलेला फोटो सोबत जोडलाय, बघून जळ.

सोमवारी पहाटे चारपासून उलट्या आणि जुलाब लागले. दिवसभर बाथरूमची वाट. दूध जुनं झालं होतं बहुतेक, तारीख बघायला हवी होती. पण आज उठलो तो ठणठणीत. चहा, दोन बिस्किटं, सगळं पोटात राहिलं. आता वेम्बलीला जाऊन येतो, ईलिंग रोडवर नारळ चांगले मिळतात.

आईला सांगू नकोस. ती वर्ग सोडून बर्मिंगहॅमहून गाडी हाकत येईल.

आजोबा


कुन्मिंग, १ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच

आजोबा,

हे वाचलंत की तिथून थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ए अँड ईमध्ये जा. घरी जाऊ नका. वाचून झाल्यावरही बसू नका.

मी घरचा फोन अकरा वेळा लावला. मोबाईल तुम्ही उचलत नाही, चीनचा नंबर बघून कापत असाल. आईच्या शाळेत निरोप ठेवला आहे. तुम्ही रागवाल. रागवा.

मी मावशींना कौतुकाने फोटो दाखवायला गेले. त्या सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. फोटो बघून बिया खाली ठेवल्या. फोन हातात घेऊन मोठा केला आणि देठाच्या तळावर बोट ठेवलं. तिथे पांढरी पिशवी आहे, अंडं फुटल्यासारखी. वर टोपीखाली घागऱ्यासारखी झालर. मला म्हणाल्या, ‘आजोबांना उलट्या कधी झाल्या?’ मी म्हटलं, ‘जेवणानंतर पंधरा तासांनी.’ त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, ‘लगेच झाल्या असत्या तर बरं होतं.’

मग विचारलं, ‘आता कसे आहेत?’ मी म्हटलं, ‘आता बरे आहेत.’

आजोबा, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. हे विष आधी उलट्या करवतं आणि मग एक-दोन दिवस माणसाला बरं वाटायला लावतं. तेवढ्यात ते आत लिव्हर खात असतं. शिजवून ते जात नाही. टायमर त्याच्यासाठी नसतोच, त्या म्हणाल्या, तो दुसऱ्या, खाण्यासारख्या मश्रूमसाठी असतो. हे मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. मला माहीतच नव्हतं. मी नुसती गंमत लिहिली.

इंग्लिशमध्ये नाव डेथ कॅप. डॉक्टरांना हे दोन शब्द सांगा, फोटो दाखवा, खाल्ल्याची वेळ सांगा. सालं-देठं टाकली असतील तर तीही न्या. बरं वाटतंय असं म्हणू नका.

अनुया


बर्मिंगहॅम, २ ऑक्टोबर

प्रिय अनुया,

काल मी बाबांच्या दारात पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. ते स्टेशनकडून पिशवीत नारळ घेऊन रमतगमत येत होते. मला म्हणाले, “अगं वरदा, तू इथे कशी? शाळेला सुट्टी?” मी हातातली पिशवी घेतली आणि गाडीत बसवलं. आधी कौन्सिलची फूड वेस्टची डबी उपसली. देठं मिळाली. सुनेने कचऱ्यात हात घातलेला बघून ते फार संकोचले.

रिसेप्शनवर म्हणाले, “मला काही होत नाहीये, माझी नात उगाच घाबरते.” रक्त तपासलं. लिव्हरचा जो आकडा चाळीसच्या आत हवा तो काल पाचशे होता, आज सकाळी तीन हजार. आता ते विनोद करत नाहीत. दोन सलाइन लावली आहेत. तुझा बाबा मिहीर तिथेच आहे, मी कपडे घ्यायला घरी आले.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, आणखी कुणी खाल्लं का? तिन्ही वेळा म्हणाले, “नाही, मी एकटा राहतो.”

मला भीती वाटते, अनुया. तू तिथे रडत बसू नकोस.

आई


कुन्मिंग, २ ऑक्टोबर

आजोबा,

आईने तुमच्या उशाशी फोन ठेवलाय ना? मग हे एकट्याने वाचा.

मावशींनी आज दार वाजवलं ते माझी चौकशी करायला नव्हे. म्हणाल्या, ‘तुझ्या आजोबांनी कुणाकुणाच्या पानात वाढलं?’ मी सांगितलं, ते एकटेच होते. त्या म्हणाल्या, ‘पिशवीभर मश्रूम माणूस एकट्यासाठी तोडत नाही.’

मग मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. डायबेटिसमुळे तुम्ही दीड पोळी खाता. आजी गेल्यापासून पोळ्या लाटतच नाही, पाकिटातल्या आणता. रविवारी चार लाटल्या आणि चारही संपल्या. आणि ‘आम्ही फिरायला जातो’. मी विचारलं होतं कोण, तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

मला नाव नको. मी आईला काही बोलले नाही. पण ते माणूस आत्ता कुठेतरी चहा पीत असेल आणि म्हणत असेल, आता बरं वाटतंय. तुम्ही सोडून हे जगात कुणाला माहीत नाही. नर्सला सांगा. आत्ता बेल दाबा, आजोबा.

अनुया


मेडनहेडजवळ, वॉर्डमधून, २ ऑक्टोबर

अनुया,

एका बोटाने टाइप करतोय, दुसऱ्या हातात सुई आहे.

तिचं नाव आशा. नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहते. लायब्ररीत काम करायची, यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा कॅनडात. मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झाली. दीड वर्ष रविवारी फिरतो, मग माझ्याकडे जेवतो. एवढंच आहे. एवढंच आहे असं लिहितोय, पण एवढंच असतं तर तुमच्यापासून लपवलं कशाला असतं? तुझ्या आजीच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला वाढतो, हे मिहीरला कसं सांगायचं, मला कळत नव्हतं.

सोमवारी दुपारी मी बाथरूममधून तिला फोन केला. विचारलं, “बरी आहेस ना?” ती म्हणाली, “अगदी छान. तुम्ही?” मी म्हटलं, “मीही छान.” मला हायसं वाटलं, म्हणजे दूधच होतं. काल वेम्बलीला ती बरोबर होती. मी डोसा घेतला, तिने नुसता चहा. चेहरा उतरलेला होता. मी विचारलं नाही.

डॉक्टरांना तीनदा ‘नाही’ म्हटलं, कारण वरदा पलंगाशी उभी होती आणि आशा छान होती. ही दोनच कारणं. आता लिहून बघतो तर किती हलकी वाटतात.

तुझं पत्र वाचून बेल दाबली. नर्सच्या आधी वरदाच आली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती काहीतरी विचारेल. तिने गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि म्हणाली, “अहो बाबा, पत्ता सांगा.”

चाळीस मिनिटं झाली. अजून तिचा फोन नाही.


बर्मिंगहॅम, ६ ऑक्टोबर

प्रिय अनुया,

माझे आकडे उतरू लागले. मला घरी सोडलं, म्हणजे तुमच्या घरी. रोज रक्त द्यायला जायचं.

आशाने दार उघडलंच नव्हतं. वरदाने लेटरबॉक्समधून हाका मारल्या, मग ॲम्ब्युलन्सवाल्यांनी कुलूप तोडलं. ती सोफ्यावर होती, वरदाला म्हणत होती, “आपण कोण? चहा ठेवू का?” डोळे पिवळे झाले होते. आता ती इथे बर्मिंगहॅमला लिव्हर युनिटमध्ये आहे. काल दिवसभर मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत रक्त गोठायला लागलं नाही तर दुसरं लिव्हर शोधावं लागेल, आणि या वयात मिळेलच असं नाही.

मिहीरने तिच्या मुलाला फोन केला. मला तो करता आला नाही. काय सांगणार होतो? तुमच्या आईला मी प्रेमाने वाढलं?

तू चीनला निघालीस तेव्हापासून मी दारात उभा राहून बाहेर बघत होतो, संकट कुठून येतंय म्हणून. माझ्या मागे गॅसवर पातेलं होतं.

आजोबा


बर्मिंगहॅम, २७ ऑक्टोबर

चि. अनुया,

आपली ओळख नाही, पण तू माझं नाव न विचारता मला शोधलंस, म्हणून पहिलं पत्र तुला.

माझं आहे तेच लिव्हर टिकलं. महिनाभर पथ्य आहे. वरदाने मला परत एकटीला जाऊ दिलं नाही. तुझ्या खोलीत झोपते, तुझी पुस्तकं हलवलेली नाहीत. मुलगा येऊन, रागावून, रडून परत गेला. तुझ्या आजोबांशी शेवटच्या दिवशी बोलला.

आता एक गोष्ट, जी मी त्यांना कालच सांगितली. मला अळंबी आवडत नाहीत. कधीच आवडली नाहीत, बुळबुळीत लागतात. पण ते पोळ्या लाटत होते, आईच्या गोष्टी सांगत होते, इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी आग्रह केला आणि मी दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.

सोमवारी पहाटेपासून माझेही तेच हाल होते. दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी बाथरूमच्या फरशीवर बसले होते. मनात आलं, सांगितलं तर यांना वाटेल की यांच्या हातचं बाधलं. बिचारे पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत. म्हणून म्हटलं, अगदी छान. पलीकडून तेही फरशीवरूनच बोलत होते, हे मला आत्ता कळलं. दोघं मिळून किती सभ्यपणे मरणार होतो बघ.

ते अजून घाबरलेले आहेत. भाजी निवडताना एकेक पान उलटून बघतात. तीन आठवडे त्यांनी गॅस पेटवला नव्हता. काल मीच म्हटलं, आज तुम्ही आमटी करा. नुसती तुरीच्या डाळीची. वरदा आणि मिहीर समोर होते. त्यांनी माझ्या पानात वाढली आणि स्वतः न जेवता बघत बसले.

मी घास घेतला आणि म्हटलं, “खारट आहे.”

ते खुर्ची पाडून उठले. माझं ताट ओढून घेतलं, आमटी तिथेच उभ्याने चाखली, पुन्हा चाखली. मिहीरने ॲम्ब्युलन्ससाठी फोन हातात घेतला होता. मग ते सावकाश खाली बसले आणि म्हणाले, “हो. मीठ जास्त झालंय.”

आम्ही कुणीच हसलो नाही. मी ताट बाजूला सारलं आणि त्यांनी मला दहीभात कालवून दिला.

तुझी,
आशा